नोकरी आणि घर सांभाळून दूरशिक्षणाने बी.एस्सी.: प्रात्यक्षिकांभोवती वर्षाची मांडणी

दूरशिक्षणाने बी.ए. किंवा बी.कॉम. करणाऱ्या नोकरदाराला पुस्तके, अभ्यासाचा वेळ आणि परीक्षाकेंद्र एवढ्यावर भागवता येते. बी.एस्सी. करणाऱ्याला त्याखेरीज प्रयोगशाळेत स्वतः उभे राहावे लागते, आणि हे उभे राहणे पहाटे चारला उठून किंवा रात्री मुले झोपल्यावर उरकता येत नाही. त्या दिवसांसाठी रजा लागते, त्या दिवसांत मुलांना शाळेतून आणणारे माणूस लागते, आणि या तारखा ठरवणे आपल्या हातात नसते. मी पाहिलेले जे सहाध्यायी मधेच थांबले, त्यांतले बहुतेक अभ्यासात कमी पडले म्हणून थांबले नव्हते. प्रात्यक्षिकांच्या आठवड्याला रजा शिल्लक नव्हती म्हणून थांबले होते. म्हणून या लेखात मी वर्षाची आखणी परीक्षेभोवती न करता प्रात्यक्षिकांभोवती करायला सांगणार आहे आणि बाकीचे सगळे त्या अनुषंगाने मांडणार आहे.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. बारावी विज्ञान झाल्यावर १३ वर्षांनी मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूमध्ये, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी.ला नाव घातले आणि साडेपाच वर्षांत पदवी पूर्ण केली. त्यामुळे पुढची उदाहरणे इग्नूच्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण बी.एस्सी.ची आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या राज्यात दूरशिक्षण देत आहे. तिथे किंवा अन्य कुठे प्रवेश घेणाऱ्यांनी आकडे आपल्या माहितीपुस्तिकेतून घ्यावेत. हिशेबाची रीत तीच राहील.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी

पहिले काम मान्यता तपासण्याचे. विद्यापीठ मोठे आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण दूरशिक्षणाची मान्यता विद्यापीठाबरोबरच त्या त्या अभ्यासक्रमाला आणि त्या त्या वर्षाला असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर ही यादी असते आणि तिच्यात आपला अभ्यासक्रम नावानिशी शोधावा. आता प्रवेशासाठी त्याच मंडळाचा विद्यार्थी क्रमांक, म्हणजे डेब आयडी, काढावा लागतो आणि तो काढताना श्रेयांक पेढीचे, म्हणजे ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे, खाते लागते. आधार कार्डावरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव यांत फरक असेल, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत तो असतोच, तर ती दुरुस्ती प्रवेशाच्या दोन-तीन महिने आधी करून ठेवावी.

मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, असे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तरीही पदवीचा उपयोग ज्या कामासाठी करायचा आहे, मग ते एम.एस्सी. असो, बी.एड. असो किंवा सरकारी भरती असो, तिथल्या पात्रतेच्या अटी आधी वाचाव्यात. किमान टक्केवारी आणि विशिष्ट विषयांची अट बहुधा तिथेच असते.

दुसरे काम विषय निवडण्याचे, आणि ते आवडीइतकेच रजेच्या हिशेबाने करावे लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांचा प्रत्येक मूळ विषय, म्हणजे त्या शाखेतला एक सक्तीचा पेपर, ६ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) असतो. त्यांतले ४ लेखी आणि २ प्रात्यक्षिकाचे असतात. गणिताला प्रात्यक्षिक नाही, त्याचे सहाही श्रेयांक लेखी आहेत. मूळ विषय एकूण १२, प्रत्येक शाखेचे चार. म्हणजे ज्याने रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, त्याला बाराही मूळ विषयांची प्रात्यक्षिके आली. ज्याने तिसरी शाखा गणिताची घेतली, त्याला आठ. पुढे वैकल्पिक विषयांत यांत आणखी भर पडते. गणिताची भीती नसेल तर नोकरदाराने ते घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गणित घरी बसून करता येते. ज्याला मनापासून जीवशास्त्राची ओढ आहे त्याने मात्र या हिशेबापायी ते सोडू नये. त्याने वर्षे वाढवून धरावीत.

तिसरे काम अभ्यासकेंद्र पाहून येण्याचे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे इग्नूची प्रादेशिक केंद्रे आहेत, परंतु आपला रोजचा संबंध एखाद्या महाविद्यालयातल्या अभ्यासकेंद्राशी येतो. विज्ञानाचे केंद्र प्रत्येक तालुक्याला नसते. शनिवारी तिथे जाऊन समन्वयकांना तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी प्रात्यक्षिके कोणत्या महिन्यांत झाली? तारखा किती दिवस आधी कळवल्या? ती सलग घेतली की शनिवार-रविवारी? उत्तर लिहून घ्यावे. दोन केंद्रांपैकी एक घराजवळ असेल आणि दुसऱ्यात तारखा वेळेवर कळत असतील, तर मी दुसरे निवडायला सांगेन.

तासांचा हिशेब

इग्नूमध्ये १ श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरलेला आहे. पदवीला १३२ श्रेयांक लागतात, म्हणजे ३,९६० तास. ते तीन वर्षांत बसवायचे तर वर्षाला १,३२० तास, आणि आठवड्याला २५ तासांहून थोडे अधिक. पाच वर्षांत बसवायचे तर आठवड्याला सुमारे १५ तास. सहा वर्षांत, म्हणजे कमाल मुदतीत, आठवड्याला १३ तासांच्या आत.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब करावा. आठवड्याचे तास १६८. त्यांतून सहा दिवसांची नोकरी ४८ तास, जाण्यायेण्याचे १२, झोपेचे ४९, स्वयंपाक, मुले, बाजार, आजारी माणसाचे बघणे आणि स्वतःची आंघोळ-जेवण यांचे ३५ धरले, तर हाती २४ तास राहतात. हे सगळेच्या सगळे अभ्यासाला मिळतील असे समजणारा माणूस दुसऱ्याच महिन्यात थकतो. त्यांतले निम्मे मिळाले तरी चांगले. म्हणून ज्याच्या घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस आहे, त्याने पहिल्या दिवसापासूनच पाच ते सहा वर्षे धरून चालावे. तीन वर्षांत झाले नाही म्हणजे अपयश आले, ही समजूत मनातून काढून टाकावी. सहा वर्षांची मुदत आपल्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे.

हा अंदाज खरा आहे की नाही हे प्रवेशाआधी तपासता येते. दोन आठवडे एका वहीत दर रात्री पाच मिनिटे बसून त्या दिवसाचे तास कुठे गेले ते लिहावे, आणि त्याच पंधरवड्यात बारावीचे भौतिकशास्त्राचे एखादे प्रकरण उदाहरणांसह पुरे करून पाहावे. मला वर्तुळाकार गतीच्या प्रकरणाला ११ तास लागले होते. आधी माझा अंदाज चार तासांचा होता. हा फरक प्रवेशाआधी कळला म्हणून मी पहिल्या सत्रात सगळ्या परीक्षांचा हट्ट धरला नाही.

विषय कमी कसे करायचे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सत्राची नोंदणी एकत्र होत असली, तरी त्यातल्या प्रत्येक विषयाची परीक्षा त्याच वेळी दिली पाहिजे असे बंधन नाही. एका लेखी विषयाचे ४ श्रेयांक म्हणजे १२० तास. आठवड्याला १२ तास मिळत असतील तर एका विषयाला दहा आठवडे लागले. सहा महिन्यांच्या सत्रात २६ आठवडे असतात, त्यांतले चार सण, आजारपण आणि कार्यालयातल्या गर्दीत जातात. उरलेल्या २२ आठवड्यांत दोन मोठे विषय होतात. तिसरा हाती घेतला की तिन्ही अर्धवट राहतात.

प्रात्यक्षिकांचा आठवडा

दोन श्रेयांकांच्या एका प्रात्यक्षिकाला ६० तासांचे काम असते. त्यातले सुमारे ४० तास प्रत्यक्ष प्रयोगाचे आणि उरलेले आकडेमोड, आलेख आणि जर्नल लिहिण्याचे. सलग घेतले तर हा जवळजवळ आठवडाभराचा पूर्णवेळ कार्यक्रम होतो आणि त्यातली उपस्थिती सक्तीची असते. चार दिवस गेलो आणि दोन दिवस कार्यालयात बोलावले म्हणून चुकवले, असे इथे चालत नाही.

रजेचे गणित आता मांडता येते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम ज्या आस्थापनांना लागू आहे, तिथे वर्षाला ८ दिवसांची किरकोळ रजा आहे आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्या कर्मचाऱ्याला दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा मिळते, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. कारखान्यांतही दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस असेच प्रमाण आहे. म्हणजे साधारण १५ दिवसांची भरपगारी रजा वर्षाला जमते, आणि एका प्रात्यक्षिकाला सहा दिवस धरले तर वर्षाला दोन प्रात्यक्षिके करून दोन-तीन दिवस हाती राहतात. आठ प्रात्यक्षिकांना चार वर्षे लागली, आणि वैकल्पिक विषयांची धरून पाच. पदवी किती वर्षांत होईल याचे खरे उत्तर पुष्कळदा या एका आकडेमोडीत असते.

त्यामुळे प्रवेश निश्चित झाल्याच्या दिवसापासून भरपगारी रजा जपावी. लग्ने, गावची जत्रा आणि सहली यांसाठी किरकोळ रजा आणि साप्ताहिक सुट्ट्या वापराव्यात. वरिष्ठांना प्रवेश घेतल्याबरोबर सांगावे, लेखी सांगावे, आणि केंद्राने वेळापत्रक दिले की त्याची प्रत जोडून त्याच दिवशी रजेचा अर्ज द्यावा. अर्जात आपल्या गैरहजेरीत काम कोण पाहील त्याचे नाव, त्याची संमती घेऊन, आपणच लिहावे. वरिष्ठाला नकार द्यायला कारण उरत नाही, हा त्याचा मोठा उपयोग. आणि त्या सहकाऱ्याची दिवाळीतली पाळी आपण आनंदाने करावी; हे देणे-घेणे पाच वर्षे टिकायचे असते.

मला एकदा प्रात्यक्षिकाच्या तारखा अवघ्या आठ दिवस आधी कळल्या आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे ग्राहकाची तपासणी ठरलेली होती. ते प्रात्यक्षिक हुकले आणि पुढच्या तुकडीसाठी मला जवळजवळ वर्षभर थांबावे लागले. त्यानंतर मी दोन गोष्टी नेमाने केल्या. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंद्राला फोन करून चौकशी केली, आणि बरोबरच्या आठ-दहा विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट केला, ज्यात केंद्राजवळ राहणारा एक मुलगा सूचनाफलकाचा फोटो टाकत असे. पुढच्या चार वर्षांत एकही तारीख चुकली नाही.

प्रयोगशाळेत जाण्याआधी घरी तयारी करता येते, आणि ज्याला शाळा सोडून दहा-पंधरा वर्षे झाली आहेत त्याने ती केलीच पाहिजे. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. शिवणाचा मजबूत दोरा, एक जड नट, दाराच्या चौकटीवरचा खिळा आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच एवढ्यावर तो होतो. आमच्या घरी माझ्या मुलीने दोरा धरून सोडला आणि मी २० आंदोलने मोजली. वेळ भरला ३६.२ सेकंद, म्हणजे एका आंदोलनाला १.८१ सेकंद. दोऱ्याची लांबी ८० सेंटिमीटर धरून गुरुत्वत्वरण काढले तर उत्तर ९.६४ आले. उत्तर ९.८ पेक्षा कमी का आले याचा आम्ही शोध घेतला, तेव्हा लक्षात आले की लांबी मी नटच्या वरच्या कडेपर्यंत मोजली होती. ती वजनाच्या मध्यापर्यंत मोजायला हवी. तशी मोजल्यावर ८१ सेंटिमीटर भरली आणि उत्तर ९.७६ वर आले.

वीस आंदोलने का मोजायची, हेही तिथेच कळते. बटण दाबताना हाताकडून ०.२ सेकंदाची चूक होते असे धरू. एकच आंदोलन मोजले तर १.८ सेकंदांत ०.२ ची चूक म्हणजे ११ टक्के झाली, आणि सूत्रात काळाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात ती दुप्पट, सुमारे २२ टक्के होते. तीच चूक ३६ सेकंदांत वाटली गेली की उत्तरात १ टक्क्याच्या आसपास राहते. पुस्तकातले त्रुटींचे प्रकरण मी तीनदा वाचले होते. ते समजले त्या संध्याकाळी, दाराच्या चौकटीपाशी.

रसायनशास्त्रात घरी रसायने हाताळू नयेत, विशेषतः लहान मुले असताना. तिथे तयारी करायची ती आकडेमोडीची. ०.१ नॉर्मल आम्लाने १० मिलिलिटर अल्कलीचे अनुमापन केले आणि ब्यूरेटचे स्थिर वाचन, ज्याला जर्नलमध्ये आपण सीबीआर म्हणतो, ९.८ मिलिलिटर आले, तर अल्कलीची तीव्रता ०.०९८ नॉर्मल. अशी वीस उदाहरणे आधी केलेली असली की प्रयोगशाळेतला वेळ ब्यूरेट नीट धरण्यात आणि रंग बदलण्याचा नेमका क्षण ओळखण्यात घालवता येतो. जर्नलची पाने, म्हणजे उद्देश, साहित्य, सूत्र आणि निरीक्षणांचे रिकामे तक्ते, आदल्या रविवारी लिहून न्यावीत. प्रयोग झाला की आकडेमोड त्याच जागी, त्याच दिवशी करावी, कारण आकडा चुकला असेल तर उपकरण समोर असेपर्यंतच तो पुन्हा घेता येतो. आठवडाभराचे जर्नल शेवटच्या रात्रीसाठी ठेवणारे विद्यार्थी मी दर वेळी पाहिले आणि दर वेळी त्यांची तीच दमछाक पाहिली.

विद्यापीठाचे वर्ष आणि आपल्या घरचे वर्ष

सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि या दोन्ही वेळा मराठी घराच्या दृष्टीने अवघड आहेत. मे महिन्यात लग्नसराई, मुलांची सुट्टी आणि पाहुणे. जूनच्या मध्याला राज्याच्या बहुतेक भागांत शाळा उघडतात, म्हणजे वह्यापुस्तके, गणवेश आणि दप्तर यांची धांदल. डिसेंबरच्या आधी ऑक्टोबरमध्ये मुलांची सहामाही परीक्षा आणि त्याला लागून दिवाळी. हिशेब विभागात काम करणाऱ्याला मार्चअखेर वेगळी.

यावर उपाय असा की जूनच्या परीक्षेचा अभ्यास मुळात जानेवारी आणि फेब्रुवारीत व्हावा, आणि डिसेंबरचा जुलै ते सप्टेंबर या काळात. गौरी-गणपतीचे दिवस त्यातून वगळून टाकावेत. त्या आठवड्यात पुस्तक उघडण्याचा संकल्प करून तो मोडण्यापेक्षा तो आठवडा आधीच सुट्टीचा धरलेला बरा. मे आणि नोव्हेंबर फक्त उजळणीसाठी राहावेत. भिंतीवर वर्षाचे एक मोठे कालनिर्णय टांगून त्यावर विद्यापीठाच्या तारखा लाल, मुलांच्या शाळेच्या निळ्या आणि कार्यालयाच्या गर्दीच्या हिरव्या शाईने लिहाव्यात. ते स्वयंपाकघरात लावावे, कारण ते घरातल्या सगळ्यांना दिसायला हवे.

आठवड्याची घडी

पंचवीस मिनिटांचे तुकडे करून अभ्यास करावा असे पुष्कळजण सांगतात. विज्ञानाला ते सरसकट लागू पडत नाही. व्याख्या, सूत्रे, अभिक्रियांची उजळणी आणि आकृत्यांची नावे यांना बसमधली वीस मिनिटे पुरतात. एखादी सिद्धता समजून घेणे किंवा विकलन-समीकरणाचे उदाहरण सोडवणे याला मात्र सलग दीड-दोन तास लागतात, कारण पहिली वीस मिनिटे आपण कालपर्यंत कुठे आलो होतो ते आठवण्यातच जातात. म्हणून आठवड्यात असे तीन ते चार अखंड तुकडे आधी शोधावेत आणि त्यांत फक्त अवघड काम करावे. माझे तुकडे मंगळवार आणि गुरुवारी पहाटे साडेचार ते सहा, आणि शनिवार-रविवारी सकाळी सहा ते नऊ असे होते. हे नऊ तास झाले; बाकीचे तीन-चार तास बस, जेवणाची सुट्टी आणि मुलीचा नाचाचा वर्ग यांतून मिळाले.

पाळ्या बदलणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरू नये, उठण्याची वेळ धरावी. उठल्यावर तासाभराने दीड तास, मग तो उठण्याचा वेळ पहाटेचा असो की रात्रपाळीनंतर दुपारी दोनचा. रात्रपाळीच्या आठवड्यात नवे प्रकरण सुरू न करता सोडवलेली उदाहरणे पुन्हा करावीत. आणि झोप सहा तासांच्या खाली नेऊ नये. यंत्रावर काम करणाऱ्याला किंवा दुचाकीने घरी जाणाऱ्याला अर्धवट झोपेची किंमत फार मोठी पडू शकते.

पुस्तके समजून घेताना

इग्नूची विज्ञानाची पुस्तके एकट्याने शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली आहेत. मधेमधे स्वतः सोडवायचे प्रश्न असतात आणि घटकाच्या शेवटी त्यांची उत्तरे. ती ई-ज्ञानकोश या संग्रहात विनामूल्य मिळतात, त्यामुळे छापील संच उशिरा आला तरी अभ्यास थांबवू नये. उत्तर पाहण्याआधी प्रश्न कागदावर सोडवण्याची शिस्त मात्र आपण लावून घ्यायची असते. वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि पुस्तक मिटल्यावर पहिली ओळही लिहिता येत नाही, हा अनुभव प्रत्येकाला येतो. माझी रीत अशी होती: एक घटक वाचून झाला की दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर त्यातली सूत्रे आणि एक सिद्धता लिहायची, मग आठवड्याने आणि मग महिन्याने तेच पुन्हा. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विस्मरणावरचे आपले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते हे तेव्हापासून वारंवार दिसून आले आहे.

या पदवीचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे. संकल्पना इंग्रजीतून मनात उतरत नसेल तेव्हा मराठी विश्वकोशातली नोंद वाचावी. ती आता महाजालावर आहे. ‘जडत्व-परिबल’ म्हणजे काय हे मला तिथे उलगडले आणि मग इंग्रजी पुस्तक सोपे झाले. वहीच्या मागच्या पानांवर इंग्रजी आणि मराठी संज्ञा शेजारी शेजारी लिहीत जावे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संचातली आभासी उपकरणे आणि भारत सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रात्यक्षिकांच्या आधी पाहून घ्याव्यात. ती खऱ्या प्रयोगाची जागा घेत नाहीत, पण प्रयोगशाळेत गेल्यावर समोरचे यंत्र ओळखीचे वाटते.

घरच्यांशी बोलणी

हे बोलणे प्रवेशाआधी व्हावे आणि त्यात नेमकी कामे ठरावीत. ‘मला मदत करा’ या वाक्याने कुणाचेच काम ठरत नाही. आमच्याकडे मंगळवार आणि गुरुवारचा सकाळचा डबा नवऱ्याकडे आला, शनिवारची भाजी आणि बाजार सासऱ्यांकडे. सासूबाईंची शंका वेगळी होती.

“अगं, रविवारी पाहुणे आले तर तू खोलीत बसून राहणार का?”

“नाही आई, नऊपर्यंत माझे झालेले असेल. त्याआधी कुणी आले तर तेवढा चहा तुम्ही करा, नाश्त्याला मी येतेच.”

नऊ ही वेळ ठरल्यावर त्यांची काळजी मिटली. पुढे कुणी रविवारी येतो म्हणाले की त्या स्वतःच फोनवर “नऊनंतर या” असे सांगू लागल्या. घरच्या माणसांना आपण किती वेळ नसू हे नेमके कळले, की ती आपल्या बाजूने उभी राहतात. नेमके कळले नाही तर प्रत्येक वेळी नव्याने परवानगी मागावी लागते.

मुलांना ‘गप्प बसा’ सांगण्यापेक्षा शेजारी बसवावे. माझी मुलगी तिच्या पाढ्यांची वही घेऊन त्याच टेबलावर बसे. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ, आमच्याकडे शुक्रवारची, पूर्णपणे घरच्यांसाठी राखावी. परीक्षेच्या आठवड्यातही ती मोडू नये.

असाइनमेंट आणि परीक्षा

अंतिम निकालात असाइनमेंटना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन असते, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. असाइनमेंट चालू सत्राचीच उतरवून घ्यावी. जुनी लिहून दिली तर ती स्वीकारत नाहीत आणि तीस-चाळीस पानांचे लिखाण वाया जाते. ती अभ्यास संपल्यावर लिहायची गोष्ट समजू नये. प्रत्येक घटक झाला की त्यावरचा प्रश्न त्याच आठवड्यात लिहावा, म्हणजे तीच पहिली उजळणी होते. विकत मिळणारी तयार उत्तरे उतरवून काढणाऱ्याचा तेवढा वेळ तर जातोच, आणि परीक्षेत तोच प्रश्न आल्यावर हात चालत नाही. केंद्रात देताना पोच घ्यावी, सर्व पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि गुण संकेतस्थळावर चढेपर्यंत पोच जपावी. मुदतवाढ पुष्कळदा मिळते, पण तिच्या भरवशावर वेळापत्रक बांधू नये.

परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, हे पहिल्या वर्षी अनेकांच्या ध्यानात येत नाही. नोंदणी झाली म्हणजे परीक्षेला बसता येईल असे समजून थांबलेल्यांचे सहा महिने जातात. अर्ज सुरू झाल्याच्या आठवड्यातच तो भरावा.

नोकरीत आपण सगळे टंकलेखन करतो, त्यामुळे हाताने सलग लिहिण्याची सवय गेलेली असते. परीक्षेआधी निदान तीन रविवारी वेळ लावून जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण लिहावी. पहिल्या वेळी माझी बोटे पाऊण तासात दुखू लागली होती आणि शेवटचे दोन प्रश्न राहिले होते. तिसऱ्या वेळी पेपर पुरा झाला.

घडी विस्कटली तर

पाच-सहा वर्षांत एखादे सत्र पूर्णपणे हातातून जाईल असे धरूनच चालावे. घरात आजारपण येते, बदली होते, बाळंतपण येते. अशा वेळी तीन कामे तेवढी करावीत. पुढची नोंदणी करायची की एक सत्र थांबायचे हे शेवटच्या तारखेआधी ठरवावे, म्हणजे निर्णय आपोआप होऊन बसत नाही. लिहून झालेल्या असाइनमेंट तरी जमा कराव्यात, कारण त्यांचे गुण लागले की परीक्षा पुढच्या वेळी देता येते. आणि कमाल मुदतीतली किती सत्रे उरली आहेत ते कालनिर्णयाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

परत सुरुवात करताना राहिलेले सगळे विषय एकदम काढू नयेत. सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर माझे एक सत्र असेच गेले होते. पुढच्या जानेवारीत मी एकच विषय घेतला, तोही गणिताचा, कारण त्याला रजा लागत नव्हती. रोज एक उदाहरण, एवढेच पहिले तीन आठवडे केले. चौथ्या आठवड्यात मंगळवारी साडेचारचा गजर पुन्हा लावला, आणि त्याच दिवशी कार्यालयात गेल्यावर फेब्रुवारीतल्या प्रात्यक्षिकासाठी सहा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला.